‘हे आमच्या पोथीत होतेच’

कीर्तनाच्या गादीवरून खोटे बोलू नये, हे सांगावयास कोणी शास्त्री लागत नाही. पण खोट्याचेही प्रकार असतात. पोटासाठी बोललेले खोटे सर्वांस ओळखू येते. देवाच्या मोठेपणासाठी बोललेले खोटे मात्र टाळ्या घेऊन जाते, आणि बोलणाराच्याही ध्यानात येत नाही की आपण काय बोलून गेलो. अशाच एका बोलण्याचा विचार आज वारकरी सज्जनांपुढे मांडावयाचा आहे.

निमित्त आकाशातले आहे. सन २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातून एक वार्ता बाहेर आली. तेथील संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक योगेश वाडदेकर यांनी फार दूरची एक दीर्घिका शोधून काढली व तिला ‘अलकनंदा’ हे नाव दिले. वार्ता गावोगाव गेली तशी कीर्तनातही आली. येणारच, आकाश हा आमचा जुना दृष्टान्त आहे. पण तिच्या मागोमाग ते ठरलेले वाक्यही आले, ‘हे लोक आज सांगतात, आमच्या पोथीत हे होतेच!’ लगेच मंडपात टाळ्या आणि पखवाजावर थाप.

वाक्य तपासण्याआधी वस्तू काय आहे ती नीट पाहू.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक संसार. अंगणात बाज टाकून पडले असता अंधाऱ्या रात्री जो दुधासारखा पट्टा आभाळभर दिसतो, ती आपली आकाशगंगा. तीही एक दीर्घिकाच. सूर्य तिच्यातला एक तारा, आणि आपण सारे तिच्या पोटातच राहतो. पुष्कळ दीर्घिका चक्रासारख्या असतात, मध्ये गाभा आणि त्यातून निघालेले वळणदार बाहू. वारीत फुगडी रंगली की पदर मागे राहून वळसा घेतात, तसे हे बाहू दिसतात. त्यांतही कित्येकींच्या पोटातून ताऱ्यांचा एक आडवा दांडा गेलेला असतो. तो फिरतो तेव्हा भोवतालचा वायू आत गाभ्याकडे ओढला जातो. डेऱ्यातली रवीच म्हणा ना. आपल्या आकाशगंगेतही असा दांडा आहे. दक्षिण आकाशात अश्मंत नावाच्या तारकासमूहात, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, असल्या दांड्याची एक फार देखणी दीर्घिका आहे. तिला यादीतल्या क्रमांकावरून एन.जी.सी. १३६५ म्हणतात. नाव कसले ते, सातबाऱ्यावरचा गट नंबरच!

त्या मानाने अलकनंदेचे भाग्य थोर. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात. हिमालयात मंदाकिनी आणि अलकनंदा ह्या नद्या रुद्रप्रयागी एकमेकींस भेटतात, म्हणून आपल्या आकाशगंगेची ही दूरची बहीण अलकनंदा ठरली. पुढे देवप्रयागी अलकनंदा भागीरथीस मिळते आणि गंगा होते. नीरेकाठच्या लोकांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. आपली नीराही नीरा-नरसिंहपुरास भीमेला मिळते आणि पंढरीस चंद्रभागा होऊन देवाच्या पायाशी जाते.

ही अलकनंदा व्यासाने सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाची. तिच्यातल्या ताऱ्यांचे एकंदर वजन १००० कोटी सूर्यांइतके. दोन बाहू, दोन्ही सारखे, रेखीव, आणि त्यांवर नव्या ताऱ्यांचे पुंजके माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले. वर्षाला साठेक सूर्यांइतके नवे तारे तेथे घडत होते. आपल्या आकाशगंगेच्या वीसपट आणि त्याहूनही थोडे अधिक.

‘होते’ असे म्हटले ते उगीच नव्हे. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यावयास आठ मिनिटे लागतात. अलकनंदेचा प्रकाश १२०० कोटी वर्षांहून अधिक काळ वाट चालत आला. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे धरतात, म्हणजे तो निघाला तेव्हा विश्व अवघे दीडशे कोटी वर्षांचे होते. सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती, नीरा कुठली असणार? जवळजवळ दोन-तृतीयांश वाट संपली तेव्हा कुठे आपला सूर्य जन्मास आला. तुकोबांची पालखी देहूहून पंढरीस पोहोचावयास अठरा-वीस दिवस लागतात, आणि तेवढ्यात आपले पाय बोलू लागतात!

हा प्रकाश ज्या जेम्स वेब दुर्बिणीने टिपला ती २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात सोडली गेली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर ती असते, आणि तिचा सोन्याचा मुलामा दिलेला आरसा साडेसहा मीटर रुंद आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला ज्या मोठाल्या तबकड्या दिसतात त्या ह्याच पुण्याच्या केंद्राच्या खऱ्या, पण हे काम त्यांचे नव्हे. ही गल्लत पुष्कळांची होते. आणखी एक मौज अशी की, अलकनंदा आणि आपण यांच्या मध्ये एबेल २७४४ नावाचा दीर्घिकांचा मोठा पुंजका आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश भिंगातून यावा तसा वळतो आणि अलकनंदा आपल्याला सुमारे दुप्पट ठळक दिसते. देवाने मध्ये चष्मा धरला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. का ते पुढे येईलच.

ही जागा आकाशात कोठे आहे? दक्षिणेस, शिल्पकार नावाच्या फिकट तारकासमूहात. कार्तिकी एकादशीच्या सुमारास रात्री नऊच्या आसपास, किंवा मार्गशीर्षात हरिपाठाच्या वेळी, इंदापुराकडून दक्षिणेला तोंड करून उभे राहावे. त्या बाजूस जरा उजवीकडे एकच ठळक तारा एकटा चमकताना दिसतो. तो दक्षिण मत्स्याचा तारा. हात लांब करून त्याच्या डावीकडे जवळजवळ एक वीत मोजली की झाले. तेथे डोळ्यांस काहीही दिसत नाही. तेथेच अलकनंदा आहे.

मार्गशीर्षातच निरवांगीस आमचे कीर्तन होते. हरिपाठ आटोपला होता, कीर्तन उभे राहण्यास अवकाश होता. बारामतीस कॉलेजात जाणारा एक मुलगा जवळ येऊन बसला आणि म्हणाला, ‘महाराज, आपण अनंतकोटी ब्रह्मांडनायक म्हणतो, ती ब्रह्मांडं म्हणजे ह्या गॅलेक्सीच ना? मग शोध आपल्या लोकांनी आधी लावला असं म्हणायचं का?’ शेजारी एक वृद्ध माउली बसल्या होत्या. त्यांचा प्रश्न निराळाच. ‘बुवा, एवढा पसारा हाय म्हणता, मग त्यात म्या मारलेली हाक त्याला कशी ऐकू जायची?’

एकाच बातमीतून दोन प्रश्न निघाले, आणि त्यांत माउलींचा अधिक खोल. पण आधी मुलाचा घेऊ, कारण टाळ्यांचे ते वाक्य त्यातच दडले आहे.

पाठशाळेत न्याय आणि मीमांसा शिकावयास बसले की पहिल्यानेच प्रमाणांचा विचार शिकवतात. एखादी गोष्ट कशावरून कळली, हे आधी सांगावे लागते. डोळ्याने रंग कळतो, नाद कळत नाही. कानाने नाद कळतो, रंग नाही. म्हणून डोळा मोठा की कान मोठा असे भांडण शहाणा माणूस करीत नाही. शब्दप्रमाणाचेही तसेच. मीमांसकांचे म्हणणे असे की, जे दुसऱ्या कोणत्याही साधनाने कळणारे नाही ते कळवणे, ह्यातच वेदाचे प्रामाण्य आहे. जी गोष्ट पाहून किंवा अनुमानाने कळू शकते ती वेदात आली तर तिला ते ‘अनुवाद’ म्हणतात, म्हणजे ठाऊक असलेलेच पुन्हा बोलणे. अशा अनुवादाला स्वतःचे प्रामाण्य नाही. शंकराचार्यांनी गीताभाष्याच्या अखेरच्या अध्यायात अग्नीचा दाखला दिला आहे. प्रत्यक्षाच्या विरुद्ध जाऊन श्रुतीही अग्नीला शीतल करू शकत नाही, असा त्याचा भाव. हे बोलणारे कोणी नास्तिक नव्हेत, हे ध्यानात घ्यावे.

आता पाहा. ‘दीर्घिका आमच्या पोथीत होत्या’ असे म्हणणारा पोथीला चढवतो की उतरवतो? दुर्बिणीने जे दिसले तेच पोथी सांगत होती असे ठरले, तर पोथी दुर्बिणीचा अनुवाद झाली. मग ज्याला दुर्बीण मिळाली त्याला पोथीचे काम काय? आपण मोठ्या प्रेमाने देवाला पालखीत बसवावे आणि पालखी दुसऱ्याच गावच्या वेशीत नेऊन ठेवावी, तसली ही भक्ती.

बरे, दुर्बिणीवाले आपले मत बदलतात. तो त्यांचा दोष नव्हे, तो त्यांचा धर्मच आहे. विश्व कोवळ्या वयाचे असताना दीर्घिका वेड्यावाकड्या, गोळ्यागोळ्यांच्या असाव्यात, अलकनंदेसारखे रेखीव चक्र घडावयास कितीतरी अधिक काळ लागत असावा, असे शास्त्रज्ञांस पुष्कळ दिवस वाटत होते. वेब दुर्बिणीने त्या समजाला आधीच धक्के दिले होते, अलकनंदेने आणखी एक मोठा दिला. समजा, २०२० साली कोणी महाराजांनी ‘बालपणीच्या दीर्घिका वेड्यावाकड्याच असतात, हेच आमच्या पुराणात आहे’ असे श्लोक ताणून सिद्ध केले असते, तर २०२५ साली त्यांनी काय करावयाचे? श्लोक पुन्हा उलट्या बाजूने ताणायचा? आजचे विज्ञान उद्या सुधारेल. त्याच्या खुंटीला संतांची वाणी बांधून ठेवली तर खुंटी उपटली जाईल त्या दिवशी वाणीही धुळीत पडेल, आणि पाडणारे आपणच असू.

आकड्यांचीही अशीच जुळवाजुळव चालते. पुराणांतला एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षे. पृथ्वीचे वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षे मानतात. जवळ आले की नाही? मारा टाळ्या! पण त्याच पुराणांत पृथ्वीभोवती दुधाचा आणि उसाच्या रसाचा समुद्र आहे, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. जुळले ते बोलायचे आणि न जुळले ते झाकायचे, ही रीत बाजारात सापडली तर आपण त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही.

आणि श्रेयाची गोष्ट आहेच. राशी जैन यांनी सुमारे ७०,००० आकाशस्थ वस्तूंच्या नोंदी चाळल्या आणि त्यांतून ही एक हाती लागली. ज्यांनी कधी ज्वारी पाखडली आहे त्यांना सत्तर हजार दाणे एकेक करून बघणे म्हणजे काय ते कळेल. एवढे करून त्या पोरीने रास खळ्यावर आणली, आणि आपण गादीवरून म्हणतो, ‘हे पीक आमचेच.’ पेरणी कधी केली, पाणी कधी दिले, काही सांगता येत नाही, नुसते ‘आमचे’. परधनाला हात लावू नये असे आपण ज्या तोंडाने सांगतो, त्याच तोंडाने हे बोलावे काय? दुसऱ्याचे कष्ट हेही परधनच.

पूर्वजांचा अभिमान सोडा, असे आमचे म्हणणे नाही. अभिमान खरा मिळत असता खोटा कशाला घ्यावा? आर्यभटाने सन ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ उभारला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावाजवळ पाटणला आहे. (हे चांगदेव निराळे, वाघावर बसून आलेल्या आपल्या चांगदेवांशी गल्लत करू नये.) ही माणसे रात्र रात्र आकाश पाहत, मोजत, चुकले तर दुरुस्त करीत. पुण्याचे संशोधक जे करतात तेच ते. त्यांचे खरे वारस तेथे बसले आहेत; गादीवर बसून नुसते ‘होतेच’ म्हणणारे नव्हेत.

मग अनंतकोटी ब्रह्मांडनायक म्हणजे काय? मुलाला आम्ही सांगितले ते असे. ती खानेसुमारी नव्हे. ते शब्द एकटे कधी येत नाहीत. ज्याच्या राज्याला अंत नाही तो एका पोराच्या सांगण्यावरून वीट पुढे येताच तीवर उभा राहिला, आणि पोरगे आईबापांची सेवा करून बाहेर येईपर्यंत वाट पाहत राहिला. ‘अनंतकोटी’चे सगळे वजन त्या विटेवर पडावे म्हणून ते विशेषण आहे. वीट काढून घेतली तर उरतो तो नुसता मोठा आकडा, आणि मोठ्या आकड्याला कोणी माउली म्हणत नाही. दीर्घिका मोजणे हा त्या शब्दाचा विषयच नव्हता. कोटी निघाल्या काय, लक्ष कोटी निघाल्या काय, शब्दाला धक्का लागत नाही.

मुलगा हुशार. म्हणाला, ‘म्हणजे पोथी चुकलीही नाही आणि तिनं सांगितलंही नाही.’ आम्ही म्हटले, बरोबर.

माउलींस मात्र ह्या प्रमाणविचाराचे काही देणेघेणे नव्हते. त्या आपल्या हाकेवर अडून बसल्या होत्या, आणि त्यांचे अडणे रास्त होते. ह्या बातमीचे भय असेल तर ते येथेच आहे. सूर्य एक, पृथ्वी एक आणि वर देव, असा आटोपशीर संसार होता तोवर हाक पोहोचेल असे वाटे. आता १००० कोटी सूर्यांची एक अलकनंदा, आणि तशा अगणित. त्यात निरवांगीच्या एका घरातली हाक ती काय?

आम्ही त्यांस म्हटले, ‘माउली, हाक ऐकू जायला वेळ लागतो तो अंतरामुळे. आवाज हवेतून चालतो, उजेड पोकळीतून चालतो, दोघांनाही वाट आहे. पांडुरंग त्या पोकळीत कुठे लांब बसला असता तर तुमचं खरं होतं. तुमची हाक जाऊन उत्तर यायला दोन हजार कोटींहूनही अधिक वर्षं लागली असती. पण आपल्या संतांनी त्याला लांब कधी बसवलाच नाही. जो हाक मारतो त्याच्या आत बसवला. तिथं अंतरच नाही, मग पसारा कितीका वाढेना.’

दुसरीही गोष्ट आहे, ती त्यांस सांगितली नाही, येथे लिहितो. मोठेपणा दोन तऱ्हांचा असतो. वेदान्तात द्रष्टा आणि दृश्य असा विवेक करतात. अलकनंदा १००० कोटी सूर्यांची खरी, पण आपण अलकनंदा आहोत हे तिला ठाऊक नाही. ते कळले पुण्यात बसलेल्या साडेपाच फुटांच्या एका जीवाला. दृश्य कितीही पसरले तरी ते पाहणाऱ्याहून वरच्या कोटीचे होत नाही. हत्तीची भूक मुंगीच्या भुकेपेक्षा अधिक खरी नसते. म्हणून विश्वाच्या आकाराने माणसाचा अहंकार खाली यावा, तो यायलाच हवा. पण जीवाची किंमत उतरण्याचे कारण नाही. ह्यावरून देव ऐकतो असे सिद्ध झाले काय? नाही झाले. दुर्बिणीने ते सिद्ध होत नाही आणि असिद्धही होत नाही. एवढेच ठरले की अलकनंदेच्या नावाने कोणी माउलींस घाबरवू नये.

माउलींनी मग विचारले, ‘कुठल्या अंगाला हाय ती?’ मुलाने नीरेपलीकडे, माळशिरसाच्या बाजूस बोट दाखवले. त्यांनी तिकडे वळून हात जोडले. मुलगा हसून म्हणाला, ‘आजी, ती इथून दिसत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘पांडुरंग तरी कुठं दिसतो?’

बसलेली मंडळी खूष झाली. कीर्तनात हे सांगितले तर मंडप डोक्यावर घेतील, हे आम्हांसही कळत होते. तरी आम्ही ते कीर्तनात सांगितले नाही. माउलींच्या तोंडी ते शोभले. तो त्यांचा भाव होता. आमच्या तोंडी ती युक्ती झाली असती, आणि युक्ती म्हणून ती लंगडी आहे. अलकनंदा येथून दिसत नाही, पण दुर्बिणीने दिसते. ज्याला शंका असेल त्याने चित्र मागवून पाहावे, मोजमाप तपासावे. पांडुरंगाचे न दिसणे तसले नाही. त्याला पाहण्याचे साधन निराळे, आणि ते ज्याचे त्याने साधावयाचे. दोन ‘न दिसणे’ एका तराजूत घातली की पुन्हा तीच डोळ्या-कानाची गल्लत.

त्या रात्री कीर्तनात अलकनंदेचे नाव घेतले. कोणी शोधली त्यांची नावे सांगितली, प्रकाश किती काळ चालला ते सांगितले, आणि अभंगाच्या निरूपणाकडे वळलो. टाळ्या पडल्या नाहीत. कीर्तन संपल्यावर मंडळी बुक्का लावून घरोघर गेली, तो मुलगा तेवढा घोटाळत राहिला. पुण्याच्या त्या केंद्रात शिकावयास जायचे तर काय करावे लागते, हे त्याला हवे होते. गणित आणि पदार्थविज्ञान पक्के लागते इतके आम्हांस ठाऊक होते, तेवढे सांगितले.